तीन मतं कमी पडली

मंडळी, ४ नोव्हेंबर २०१९चा दिवस. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये नव्या सभापतीची निवडणूक चालू आहे आणि खुर्चीवर बसलेत ७९ वर्षांचे केनेथ क्लार्क. सलग सर्वाधिक काळ खासदार राहिलेल्याला तिथे ‘फादर ऑफ द हाउस’ म्हणतात, हे काम त्याच्याकडे येतं. खरं तर डेनिस स्किनरही त्यांच्याबरोबरच, १९७० साली निवडून आले होते. पण शपथ आधी क्लार्कनी घेतली, म्हणून मान त्यांचा. आता गंमत बघा. ज्या हुजूर पक्षाच्या तिकिटावर हा माणूस रश्क्लिफमधून ४९ वर्षं निवडून आला, त्या पक्षाच्या संसदीय गटात त्या दिवशी त्याचं नावच नव्हतं.

वडील कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन, नंतर घड्याळांचं दुकान. मुलगा केंब्रिजला गेला, बॅरिस्टर झाला. थॅचरबाईंनी त्यांना आरोग्यमंत्री केलं, मग शिक्षणमंत्री. आणि नोव्हेंबर १९९०मध्ये, बाईंची खुर्ची डळमळायला लागल्यावर, ‘आता थांबा’ असं तोंडावर सांगणाऱ्या पहिल्या मंत्र्यांत हेच होते. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान जॉन मेजर यांच्या काळात आधी गृहमंत्री, १९९३पासून अर्थमंत्री. सभागृहात दारू चालत नाही, अपवाद एकच: अर्थसंकल्प मांडणारा अर्थमंत्री. नंतरच्यांचं पाण्यावर भागलं, क्लार्कच्या ग्लासात व्हिस्की असायची. पायात स्वेडचे बूट, तोंडात सिगार, रात्री जॅझ. लोकांना आवडायचा हा गडी.

पक्षाला मात्र नाही, कारण युरोप. ब्रिटनने युरोपबरोबर राहावं, हे त्यांचं मत पहिल्यापासून पक्कं, आणि पक्ष वर्षागणिक उलट्या दिशेला सरकत होता. १९९७च्या नेतानिवडीत पहिल्या दोन्ही फेऱ्यांत क्लार्क पुढे होते. मग त्यांनी जॉन रेडवुडशी हातमिळवणी केली. युरोपच्या प्रश्नावर दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य! खासदार बिचकले आणि प्रतिस्पर्धी विल्यम हेग ९२–७० असे जिंकले. माझ्या मते अख्ख्या कारकिर्दीत त्यांनी केलेली धूर्तपणाची चाल ही एवढीच, आणि तीच अंगाशी आली. २००१मध्ये खासदारांत पहिले आले, पण पक्षाच्या सामान्य सभासदांनी डंकन स्मिथना निवडलं. २००५मध्ये पहिल्याच फेरीत गारद. यातल्या कुठल्याही वेळी युरोपबद्दल चार शब्द मवाळ बोलले असते तर? कुणी सांगावं.

ब्रेक्झिटची, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडायची, प्रक्रिया सुरू करायचं विधेयक आलं, तेव्हा १ फेब्रुवारी २०१७ला विरोधात मत देणारे हुजूर पक्षाचे ते एकमेव खासदार. एप्रिल २०१९मध्ये त्यांनी ठराव मांडला: बाहेर पडायचंच असेल तर निदान कस्टम्स युनियन, म्हणजे आपसातल्या मालावर जकात नसण्याची व्यवस्था, तरी ठेवा. बाजूने २७३, विरोधात २७६. आणखी दोघांनी बाजू बदलली असती तर आज चित्र वेगळं असतं, असं मला वाटतं.

सप्टेंबरमध्ये, करार न करता बाहेर पडणं रोखण्यासाठी २१ जणांनी सरकारविरुद्ध मत दिलं. क्लार्क त्यांत होते. पंतप्रधान जॉन्सन यांनी सगळ्यांचा व्हिप काढून घेतला, म्हणजे त्यांना पक्षाच्या संसदीय गटातून बाहेर काढलं. आपल्याकडे १९८५चा पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप मोडला तर खासदारकीच जाऊ शकते. तिथे पक्ष फक्त गटाबाहेर काढतो, जागा मतदारांनी दिलेली म्हणून शाबूत. ऑक्टोबरअखेर दहा जणांना परत घेतलं. क्लार्क त्यांत नव्हते.

म्हणून त्या दिवशी खुर्चीवर ते अपक्ष म्हणून बसले होते. चार फेऱ्या झाल्या, लिंडसे हॉइल निवडून आले, आणि दोन दिवसांत संसद विसर्जित झाली. पुढची निवडणूक क्लार्कनी लढवलीच नाही. २०२०मध्ये त्याच जॉन्सन यांच्या सरकारने त्यांना वरिष्ठ सभागृहात, म्हणजे लॉर्ड्समध्ये, पाठवलं, आणि तिथे ते हुजूर पक्षाच्याच बाकांवर जाऊन बसले.