ताई ट्रेनिंगला गेल्यात

सकाळचे दहा वाजलेत. अंगणवाडीचं दार उघडंय, पोरं आलीत, पण ताईंची खुर्ची रिकामी आहे. मदतनीस एकटीच. एका हातात खिचडी ढवळायचा डाव, साडीच्या पदराला दोन पोरं लटकलेली, आणि दारात आलेल्या प्रत्येक आईला ती तेच सांगतेय, ताई ट्रेनिंगला गेल्यात, परवा येतील.

मी हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलोय, कारण माझी आई अंगणवाडी सेविका होती. तिचं जॉब ट्रेनिंग झालं तेव्हा मी अगदी लहान होतो. मला आजीकडे ठेवून ती दुसऱ्या तालुक्याच्या गावी राहून आली, आणि येताना काय आणलं तर मोज्यांच्या बाहुल्या, बडबडगीतांची एक वही आणि त्याच वहीत मागच्या पानावर रंगीत खडूनं काढलेला वाढीचा तक्ता, हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. ती वही अजून आमच्या घरी आहे. तिची पानं सुटलीत पण तक्ता दिसतो.

आता थोडं मागे जाऊ. अंगणवाडी हा शब्द सरकारी फायलीतून आलेला नाही, तो आपल्याकडे डहाणूच्या पट्ट्यातून आलाय. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत, आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. पोरं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, म्हणून अंगणवाडी. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली पोरांमध्ये गेलं. महागडी मॉन्टेसरीची साधनं तिथे कुठून आणणार, मग शंख शिंपले, बिया, पानं, खडे, हीच साधनं. आणि शिकवणाऱ्या बायांना तयार करायचं कामही तिथेच व्हायचं, म्हणजे शिकायचं ते पोरांच्या शेजारी बसून. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, पुढे का ते कळेल.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, देशभरात ३३ प्रकल्प, आपल्याकडे मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी. आज महाराष्ट्रात साधारण एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात प्रत्येक ताईला काय यायलाच पाहिजे हे ठरवावं लागतं, तसं ते ठरलं. सेविकेचं जॉब ट्रेनिंग आधी ३२ दिवसांचं होतं, नंतर ते २६ दिवसांचं झालं. शिवाय अधूनमधून उजळणी प्रशिक्षण. मदतनीसांना मात्र थोड्याच दिवसांची तोंडओळख.

मग १० मे २०२३ ला पोषण भी पढाई भी हा केंद्र सरकारचा कार्यक्रम आला. कल्पना खरंच चांगली आहे, अंगणवाडी म्हणजे फक्त खाऊवाटप नाही, तीन ते सहा वर्षांच्या पोराचं शिक्षणही तिथेच सुरू होतं. त्यासाठी आधारशिला नावाचा अभ्यासक्रम आणि तीन वर्षांखालच्या बाळांसाठी नवचेतना, ज्यात ३६ महिन्यांच्या हिशेबानं १४० खेळ नि कृती दिल्यात, बाळाशी कसं बोलायचं, काय हातात द्यायचं, दिव्यांगत्वाची लक्षणं लवकर कशी ओळखायची. आधी सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी, आणि पर्यवेक्षिका यांना दोन दिवस शिकवायचं, ते मास्टर ट्रेनर, आणि मग त्यांनी सेविकांना तीन दिवस. नव्या शिक्षण धोरणात, म्हणजे २०२० च्या, त्याच्याही पुढचं लिहिलंय, बारावी झालेल्या ताईंना सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षभराचा डिप्लोमा.

आम्ही अशाच एका तीन दिवसांच्या ट्रेनिंगला कॅमेरा घेऊन बसलो. पहिल्या दिवशी सगळ्या ताई शाळेतल्या मुलींसारख्या ओळीत, पिशवीत डबा, मांडीवर वही. दुपारपर्यंत अवघडलेल्या होत्या पण खेळ सुरू झाले आणि सगळा हॉलच बदलला, पन्नाशीच्या ताई टाळ्या वाजवत गोल फिरतायत, एकमेकींना आपापल्या गावची गाणी शिकवतायत. हे मी मनापासून सांगतो, ट्रेनिंग वाईट नव्हतं. शिकवणाऱ्या पर्यवेक्षिका मॅडम स्वतः तयारी करून आलेल्या, आवाज बसेपर्यंत बोलत होत्या. मध्येच कुणाचा तरी फोन वाजायचा, गावातून, ताई पोषण ट्रॅकरची, म्हणजे त्या सरकारी मोबाईल अॅपवरची, आजची हजेरी कोण भरणार. मग ती ताई बाहेर जाऊन मोबाईलवर काहीतरी करून परत यायची.

मी हॉलभर बघितलं. एकही मदतनीस नव्हती.

आता हे का खटकलं ते सांगतो. पोषण अभियानात अंगणवाडीला चार साधनं आली, दोन वजनकाटे, एक उंची मोजायचं स्टॅडिओमीटर आणि दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी मोजायचं इन्फँटोमीटर, म्हणजे एक फळी. दोन वर्षांखालचं बाळ उभं करून मोजायचं नाही, झोपवून मोजायचं. कारण उभं राहिलं की माप साधारण ०.७ सेंटिमीटरनं कमी येतं. तुम्हाला वाटेल एवढ्याशा फरकानं काय होतंय, पण बाळ खुजं आहे की नाही हे त्या रेषेच्या इकडे तिकडेच ठरतं. आणि फळीवर बाळ झोपवलं की ते काही पडून राहत नाही हो, ते रडतं, वळतं, पाय आखडतं. म्हणून एकीनं डोकं वरच्या पट्टीला टेकवून सरळ धरायचं, दुसरीनं गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि खालची पट्टी तळव्यांना टेकवून आकडा वाचायचा. चार हात लागतात. दोनात होतच नाही.

आता ते दुसरे दोन हात कुणाचे? मदतनीसचे. जिला त्या तीन दिवसांना बोलावणंच नव्हतं. आईच्या काळात बऱ्याच ठिकाणी मिनी अंगणवाड्या होत्या तिथे तर मदतनीसच नसायची, ताई बाळाच्या आईलाच डोकं धरायला लावायची, आणि आई बिचारी बाळ रडलं की सोडून द्यायची.

दंडाचा घेर मोजायच्या पट्टीचंही तेच. ११.५ सेंटिमीटरच्या खाली माप आलं की तीव्र कुपोषण, सॅम, लगेच पुढे पाठवायचं. पट्टी जरा घट्ट ओढली की माप कमी येतं, सैल राहिली की जास्त, आणि सैल राहिली तर सॅमचं पोर सुटून जातं. हे हॉलमध्ये स्लाइडवर बघून हाताला कळत नाही. ते शेजारी बसून, दहा पोरांचे दंड मोजून कळतं. कोसबाडला हेच होतं.

मी त्या मॅडमना विचारलं, नंतर कोण बघतं ताई कशी मोजतात ते. त्या म्हणाल्या, मीच, माझ्या बीटमध्ये पंचवीस अंगणवाड्या आहेत. महिन्यातले मीटिंगचे दिवस, अहवालाचे दिवस सोडले तर उरलेल्या दिवसांत पंचवीस गावं. मी पुढे काही विचारलं नाही.

आणि एक गोष्ट बोलायलाच हवी. या सगळ्यांना मिळतं त्याला मानधन म्हणतात, पगार नाही. २५ एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सेविका मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, आणि हे अर्धवेळ काम आहे हे म्हणणं मान्य करता येत नाही असंही सांगितलं. दोघींसाठी सांगितलं. मग शिकवताना एकीलाच का बोलवायचं? माझी मागणी फार मोठी नाही, प्रत्येक ट्रेनिंगमध्ये एक दिवस तरी जोडीचा असू द्या, सेविका मदतनीस दोघी, खरी फळी, खरं बाळ. आणि त्या दिवशी गावात पोरांना सांभाळायला कुणीतरी माणूस द्या, नाहीतर दोघी गेल्या की अंगणवाडीला कुलूप, मग खिचडी कोण शिजवणार.

चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच अंगणवाडीत गेलो. ताई आल्या होत्या. पिशवीतून पुस्तक काढलं, कपाटावरची फळी खाली घेतली, धूळ पुसली, आणि पोरांना खाऊ देऊन झाल्यावर मदतनीसला हाक मारली, इकडे ये गं मावशी, तुला दाखवते. दहा महिन्यांची एक मुलगी, तिची आई बाजूला बसलेली. मावशींनी हात पदराला पुसले, डोकं धरलं, पहिल्यांदा फार घट्ट, मुलगी ओरडली. ताई म्हणाल्या, कान नको दाबू, दोन्ही बाजूनी नुसतं टेकव, नजर वर छताकडे पाहिजे तिची. परत धरलं. ताईंनी गुडघे सरळ केले, पट्टी सरकवली, वाकून आकडा वाचला, मग मावशींना म्हणाल्या, आता तू वाच, मी धरते.

मावशींनी चष्मा लावला. ६८ आणि पुढे तीन रेघा.