भोकं पाडलेली पत्रं

मंडळी, सुरुवात एका फळीपासून करतो. साधी लाकडी फळी, धरायला मूठ, आणि एका बाजूने खिळे ठोकलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेच्या दक्षिणेत टपाल खात्याकडे अशा फळ्या असत. यलो फीवरची, म्हणजे पीतज्वराची, साथ लागलेल्या गावातून पत्रं आली की ती या खिळ्यांवर ठोकायची, लिफाफ्याला भोकं पाडायची आणि मग गंधकाची धुरी द्यायची. धूर आत शिरावा म्हणून भोकं. १८८८ साली फ्लॉरिडात जॅक्सनव्हिलला साथ आली, तेव्हा तिथून निघणारं टपाल असंच धुरी घेऊन पुढे जात होतं.

कारण सरळ होतं. रोग कपड्यांतून, अंथरुणातून, सामानातून, कागदातून पसरतो अशी पक्की समजूत होती. रोग्याने हात लावलेली प्रत्येक वस्तू संशयित, आणि पत्र तर हमखास. मला हे सांगायचं ते यासाठी, की आज मी ज्या पत्रांविषयी बोलणार आहे ती याच रोगाबद्दलची आहेत, आणि त्या पत्रांमध्येच पत्रांवरचा हा आरोप खोटा ठरलेला आहे.

ही पत्रं व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयात आहेत. जमवली फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरांनी. हेंच हे मेयो क्लिनिकमधले संधिवाताचे तज्ज्ञ. कॉर्टिझोन या औषधाच्या कामासाठी १९५० चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. यलो फीवरशी व्यवसायाने त्यांचा काही संबंध नाही. पण जवळजवळ तीन दशकं हा माणूस १९०० साली क्युबात घडलेल्या एका प्रयोगाचे कागद गोळा करत राहिला. म्हातारे सैनिक, विधवा, मुली, निवृत्त अधिकारी, सगळ्यांना पत्रं लिहायची, प्रश्न विचारायचे, आलेलं उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी ताडून पाहायचं, आणि पुन्हा प्रश्न. १९६५ मध्ये ते गेले आणि त्यांच्या पत्नीने सगळं दप्तर विद्यापीठाला दिलं. त्या प्रयोगाचे प्रमुख वॉल्टर रीड याच विद्यापीठातून १८६९ मध्ये डॉक्टर झाले होते, वयाच्या सतराव्या वर्षी.

हेंचसारखा माणूस आपल्याला ओळखीचा वाटेल. गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरची जुन्या कागदांची रुमालं सोडवणारे इतिहाससंशोधक राजवाडे आपण पाहिले आहेत. राजवाड्यांचं म्हणणंही तुम्हाला ठाऊक आहे: अस्सल कागदाचं एक चिठोरं सगळ्या बखरींना भारी पडतं. घटना घडत असताना लिहिलेलं ते अस्सल, नंतर आठवून लिहिलेली ती बखर. हेंचच्या दप्तरात दोन्ही आहे. १९०० सालची पत्रं आहेत, आणि चाळीस वर्षांनी त्याच माणसांनी आठवून लिहिलेलीही आहेत. दोन्ही पत्रंच दिसतात, वाचताना मात्र एकाच मापाने मोजता येत नाहीत.

आता प्रयोग थोडक्यात. अमेरिकन सैन्य क्युबात, आणि यलो फीवरने माणसं मरताहेत. ताप, कावीळ, काळी उलटी. १८७८ मध्ये मिसिसिपीच्या खोऱ्यात याच रोगाने सुमारे २०,००० माणसं गेली होती. जून १९०० मध्ये सैन्याने चार डॉक्टरांचं मंडळ हवानाला पाठवलं: वॉल्टर रीड, जेम्स कॅरल, जेसी लाझेअर आणि क्युबात जन्मलेले अरिस्टिडीस आग्रामोंटे. हवानातच कार्लोस फिनले नावाचे डॉक्टर १८८१ पासून सांगत होते की हा रोग डास पसरवतो. लोक हसत. फिनले यांनी डास बरोबर ओळखला होता, आज आपण ज्याला एडिस इजिप्ती म्हणतो तोच, डेंग्यूचा. पण त्यांचे प्रयोग पटण्यासारखे होईनात. अडचण दिवसांची होती. डासाने रोग्याला आजाराच्या पहिल्या तीन दिवसांत चावायला हवं, आणि मग सुमारे बारा दिवस जायला हवेत. त्याआधी तो डास कुणालाही चावला तरी काही होत नाही. हे दिवसांचं गणित पुढे आलं ते मिसिसिपीतल्या दोन खेड्यांमध्ये १८९८ साली हेन्री कार्टर यांनी घराघरांतल्या तारखा मांडल्या तेव्हा. पहिला रोगी आणि त्याच घरातले पुढचे रोगी यांच्यामध्ये दोन-तीन आठवडे रिकामे जातात, हे त्यांच्या लक्षात आलं.

फिनले यांनी मंडळाला अंडी दिली. लाझेअरनी ती उबवून डास वाढवले. आणि २ ऑगस्टला रीड वॉशिंग्टनला निघून गेले, टायफॉइडवरचा जुना अहवाल पुरा करायला. इतिहासाच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट झाली. सगळे एका छावणीत असते तर जेवताना बोलले असते आणि आपल्या हाती काहीच आलं नसतं. अंतर पडलं म्हणून पत्रं झाली.

२७ ऑगस्टला कॅरलनी एक डास स्वतःला चावू दिला. बारा दिवसांपूर्वी रोग्याला चावलेला. कॅरल मरता मरता वाचले. सप्टेंबरच्या ७ तारखेला रीड त्यांना लिहितात. सैन्यातला मेजर, जवळजवळ पन्नाशीचा, आणि पत्राची सुरुवात ‘हिप हिप हुर्रे’ने. देवाचे आभार मानून होतात, आता विश्रांती घ्या म्हणून सांगून होतं, आणि मजकूर संपल्यावर वेगळा एक प्रश्न येतो: हे डासानेच केलं का? मित्र मरणाच्या दारातून आलाय, आणि तरी हा प्रश्न आवरत नाही. मला हे लाजिरवाणं वाटत नाही. मला तर तिथेच रीड पहिल्यांदा खरे दिसतात. पुढे त्यांच्या नावाने रुग्णालय झालं, पुतळ्यासारखे रीड आपण बरेच पाहतो.

दुसऱ्याच दिवशी, ८ सप्टेंबरला, लाझेअर आपल्या बायकोला लिहितात. ती अमेरिकेत, नुकतीच बाळंत झालेली. मुलगी झाली आहे, बापाने अजून पाहिलेली नाही. पत्रात ते म्हणतात की खऱ्या जंतूच्या मागावर मी आहे असं वाटतंय, पण एवढ्यात काही बोलायचं नाही, सुगावासुद्धा लागू द्यायचा नाही, मी एकालाही सांगितलेलं नाही. सतरा दिवसांनी, २५ सप्टेंबरला, यलो फीवरनेच ते वारले. वय ३४.

आता इथे राजवाड्यांच्या नियमाची पंचाईत होते. लाझेअरना डास कसा चावला? आजारी पडल्यावर त्यांनी सहकाऱ्यांना सांगितलं की रुग्णालयात रोग्यांना डास लावत असताना एक भटका डास हातावर बसला, आपण हाकलला नाही. अधिकृत कागदांत हेच आलं. पण रीड परत आल्यावर लाझेअरची वही वाचून बसले, आणि त्यांना वाटलं की हा माणूस स्वतःवर प्रयोग करत होता. मग ही वही कुठे आहे? रीड १९०२ मध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर वारले, आणि त्यांच्या कार्यालयातून वही नाहीशी झाली. हेंचनी तिच्यासाठी जंग जंग पछाडलं. या प्रसंगात अस्सल पत्र मुद्दाम गप्प आहे, आणि जे काही सांगतात ते आठवणीवाले. स्वतःवरच प्रयोग करून मेलात तर विम्याचे पैसे मिळतील का, घरच्यांचं काय, असे हिशेब त्यामागे असतील असं पुष्कळ जण म्हणतात. माझं मत विचाराल तर ‘एकालाही सांगितलेलं नाही’ असं लिहिणारा माणूस अपघाताची गोष्टही तितक्याच व्यवस्थित सांगू शकतो. पण हे मत आहे, पुरावा नाही.

त्यानंतरचा भाग जास्त नीटनेटका आहे. नोव्हेंबरमध्ये हवानाजवळ एका शेतावर छावणी उभारली, नाव दिलं कॅम्प लाझेअर. १४ फूट बाय २० फूट अशी दोन घरं. पहिल्यात डास अजिबात नाही, पण यलो फीवरने मेलेल्यांच्या चादरी, उशा, कपडे, उलटीने भरलेले, पेट्यांत कोंबून आणलेले. ३० नोव्हेंबरला डॉ. रॉबर्ट कुक आणि दोन शिपाई आत गेले, पेट्या उघडल्या आणि ओकाऱ्या काढत बाहेर पळाले. मग पुन्हा आत गेले आणि वीस रात्री त्या अंथरुणात झोपले. त्यांच्यामागून आणखी दोन तुकड्या गेल्या. कुणालाही काही झालं नाही. धुरीचे खोके, भोकं पाडलेले लिफाफे, बंदरात जाळलेले गाठोडे, सगळं तिथे निकालात निघालं.

दुसरं घर स्वच्छ, हवेशीर, मधोमध जाळीचा पडदा. २१ डिसेंबरला दुपारी जॉन मोरान नावाचा कारकून एका बाजूला जाऊन पडला, १५ डास सोडलेल्या बाजूला. पडद्यापलीकडचे ठणठणीत राहिले. मोरान नाताळच्या दिवशी तापला.

त्याआधी ८ डिसेंबरला जॉन किसिंजर हा शिपाई आजारी पडला, तीन दिवसांपूर्वी चावलेल्या डासाने. दुसऱ्या दिवशी रीड बायकोला, एमिलीला, लिहितात की माझ्याबरोबर आनंद कर, घटसर्पावरचं प्रतिविष आणि कॉखने शोधलेला क्षयाचा जंतू सोडले तर या शतकातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम ठरेल. नवऱ्याने बायकोपाशी मारलेली ही बढाई, पण बढाई मारतानासुद्धा दोन नावं स्वतःच्या वर ठेवतो, हे मला आवडतं. मग ३१ डिसेंबरचं पत्र. शतक संपायला दहा मिनिटं. खोलीत बसून यलो फीवरवरचा एक जुना ग्रंथ वाचतोय, बाहेर २४ बिगुलवाले जुन्या वर्षाला निरोप देताहेत. माणसाचं दुःख थोडं तरी हलकं करता यावं ही वीस वर्षांची प्रार्थना फळाला आली, असं त्यात आहे.

याच दप्तरात एक निराळा कागद आहे, पत्र नव्हे, करार. स्पॅनिश स्थलांतरित मजुरांशी केलेला, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, नोव्हेंबर १९०० चा. वय २५ पेक्षा जास्त. प्रयोगाला तयार झाल्याबद्दल १०० डॉलर सोन्यात, रोग झाला तर आणखी १००. छावणी सोडून गेलात तर पैसे बुडाले. जिवाला धोका आहे हे लिहिलंय, आणि लगेच पुढे असंही, की बेटावर राहिलात तर हा रोग बहुतेक होणारच. माणसावरच्या प्रयोगात लेखी संमतीचा हा फार जुना नमुना म्हणून आज गौरवतात. गौरव योग्यच. पण जहाजातून नुकत्याच उतरलेल्या मजुराला सोन्याचे शंभर डॉलर म्हणजे काय, हे आखातात गेलेल्यांच्या घरात विचारा. शिवाय पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९०१ मध्ये, हवानातल्या दुसऱ्या प्रयोगांत क्लारा मास ही २५ वर्षांची परिचारिका वारली, आणि माणसांवरचे ते प्रयोग थांबवावे लागले.

आता बखरींकडे. हेंचनी १९३७ पासून मोरान आणि किसिंजर यांना लिहायला घेतलं. दोघेही वृद्ध. अमेरिकेच्या संसदेने १९२९ मध्ये या स्वयंसेवकांना पदक आणि महिना १२५ डॉलर निवृत्तिवेतन दिलेलं. पण प्रश्न उरतातच. आधी हात वर कुणी केला? छावणी नेमकी कुठे होती? मान फिनलेंचा की रीडचा? क्युबातल्या लोकांना या शेवटच्या प्रश्नाचा राग येणं मला अगदी समजतं. वीस वर्षं एकटा माणूस सांगतोय, त्याचीच अंडी घेऊन दुसरे जिंकले. रीडनी फिनलेंचा उल्लेख केला, पण उल्लेख आणि श्रेय यांत फरक असतो. हेंचनी क्युबात जाऊन शेतातलं ते पहिलं घर शोधून काढलं, घाणेरड्या चादरींचं. ते तोवर उभं होतं. डिसेंबर १९५२ मध्ये क्युबन सरकारने तिथे स्मारक केलं. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतली जागा शेवटी भिंतीवर टेकली.

आपल्याकडे हा रोग नाही. डास आहे, माकडं आहेत, रोग नाही. आफ्रिकेत जाणाऱ्या आपल्या भाच्या-पुतण्यांना लस टोचून तिचं पिवळं कार्ड घ्यावं लागतं, आणि परत येताना कार्ड नसेल तर सहा दिवस विलगीकरण. पण त्या लशीत आपलाही वाटा आहे, आणि तो माकडाचा आहे. १९२७ मध्ये गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, असिबी नावाच्या रोग्याचं रक्त भारतातून गेलेल्या ऱ्हीसस माकडाला टोचलं आणि ते माकड आजारी पडलं. तोवर प्रयोगशाळेतल्या कुठल्याच जनावरात हा रोग नीट उतरत नव्हता. ते काम करणारे एड्रियन स्टोक्स त्याच सप्टेंबरमध्ये यलो फीवरने गेले, पुढच्या वर्षी अक्रात याच रोगावर काम करणारे नोगुची गेले. त्याच असिबी विषाणूपासून मॅक्स थायलर यांनी १७डी ही लस केली. नोबेल १९५१, म्हणजे हेंचच्या पुढचं वर्ष.

आणि १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, तेव्हा पहिला धसका हाच होता, की यलो फीवर भारतात पोचला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले लोक धावले. निघाला वेगळाच विषाणू, गोचिडीतून पसरणारा. त्या आठवड्यांत पुण्याहून कोण कुणाला काय लिहीत होतं, हे वाचायला मी काहीही देईन.

हेंचच्या दप्तराची छायाचित्रं आता घरबसल्या पाहता येतात. सगळं वाचू नका, हजारो कागद आहेत, झेपणार नाहीत. १९०० चा सप्टेंबर काढा आणि तारखेप्रमाणे एकेक कागद पाहत जा. रीडचं अक्षर आहे, कॅरलचं आहे, लाझेअरचं आहे. महिना संपायच्या आत त्यातलं एक अक्षर थांबतं.