आधी फरशी, मग पाय

(कोथरूडमधल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बाहेरच्या फळ्यावर जागा पुरली नाही म्हणून आजच्या विषयाचं नाव नुसतं ‘लंगडी’ असं लिहिलंय. त्यामुळे शाळेत लंगडीच्या संघात असलेल्या दोन आजी येऊन बसल्या आहेत. त्यांनी उठू नये. कोंबडी एका पायावर का उभी राहते हाच आपला विषय आहे.

मी पशुवैद्य. नोकरीची बहुतेक वर्षं अंड्यांच्या पोल्ट्र्यांवर गेली. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एखादी कोंबडी लंगडताना दिसली, तर तिच्यावर उपचार होत नाहीत. ती ‘बाद’ होते, आणि हिशेबाने ते बरोबरही असतं. निवृत्तीनंतर धायरीला घरामागच्या जागेत चार कोंबड्या पाळल्या. त्यातली चिंगी पहिल्याच पावसाळ्यात लंगडायला लागली, तेव्हा कळलं की एका कोंबडीचा एक पाय बरा करायची वेळ आपल्यावर कधी आलीच नव्हती. बायको म्हणाली, “डॉक्टर ना तुम्ही?” त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दीड महिना लागला.

आता लोकांचे फोन येतात. “कोंबडी लंगडतेय, काय देऊ?” मी विचारतो, खाली फरशी कसली आहे? पलीकडे शांतता. त्यांना औषधाचं नाव हवं असतं आणि हा म्हातारा घराचं बांधकाम विचारतोय. पण पुण्यातल्या घरी पाळलेल्या कोंबड्यांची पायाची दुखणी पाहिली, तर निम्म्याहून अधिक वेळा मला उत्तर पायाखालीच सापडलं आहे. बंगल्याच्या मागे शहाबादी फरशी, गच्चीवर चायना मोझॅक, नव्या सोसायटीच्या बाल्कनीत गुळगुळीत टाइल. यातलं काहीही कोंबडीच्या पायासाठी केलेलं नाही.

तो पाय नीट समजून घ्या. मागच्या बाजूला वाकलेला दिसतो तो तिचा गुडघा नव्हे, तो घोटा. गुडघा वर, पिसांत लपलेला असतो. म्हणजे कोंबडी आयुष्यभर चवड्यांवर, बोटांवर चालते. अडीच-तीन किलोचा सगळा भार बोटांवर आणि मधल्या मऊ गादीवर येतो. मातीत ती गादी रुतते, भार वाटला जातो. फरशीवर तो रोज एकाच जागी पडतो.

चिंगीचं तेच झालं होतं. उजवा तळवा उलटा करून पाहिला, तर मधोमध काळ्या मनुकेएवढी कडक खपली आणि भोवती लालसर सूज. आपण घरात याला कुरूप म्हणू, पण हे कुरूप नाही. इंग्रजीत याला बंबलफूट म्हणतात. तळव्याला बारीक चीर पडते, ओल्या घाणीतून जंतू आत शिरतो, बहुधा स्टॅफिलोकोकस, आणि आत गळू धरतं. आपल्या गळवातला पू पातळ असतो, फुटला की वाहून जातो. पक्ष्यांचा पू वाहत नाही. तो खव्यासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. म्हणून ‘पिकेल, फुटेल, बरं होईल’ या आपल्या घरगुती शहाणपणाचा इथे काही उपयोग नाही. पोटीस बांधून महिनाभर वाट पाहिलीत, तर गाठ आतल्या स्नायुबंधापर्यंत आणि हाडापर्यंत जाते.

मी काय केलं ते सांगतो. सूज नुकतीच दिसली असेल आणि खपली लहान असेल, तर रोज दहा-पंधरा मिनिटं पाय कोमट पाण्यात बुडवायचा. पाण्यात एप्सम सॉल्ट घातलं तर चालतं. मग पाय कोरडा करायचा, पोव्हिडोन आयोडीन लावायचं, गॉजची चौकोनी घडी तळव्याखाली ठेवायची आणि पट्टी बोटांच्या मधून घ्यायची. घट्ट बांधायची नाही. बोटं गार पडली किंवा सुजली, तर पट्टी आवळली आहे असं समजा. रोज पट्टी बदला आणि हातमोजे घाला, कारण तो जंतू तुमच्या हातावरच्या चिरेतही खुशाल राहतो. गाठ मोठी असेल तर ती भूल देऊन डॉक्टरांनीच काढायची. यूट्यूबवर पाहून स्वयंपाकघरातल्या सुरीने तळवा कापलेला मी पाहिला आहे. त्या गृहस्थांचं मन चांगलं होतं. कोंबडी मात्र वाचली नाही.

पट्टीने जेवढं झालं त्याहून जास्त फरशीने झालं. शहाबादीवर चार इंच जाडीचा भाताचा तूस टाकला. ओला झाला की काढायचा, नवा घालायचा. खुराड्यातली दांडी माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर होती, कारण सुताराला मी काहीच सांगितलं नव्हतं. ती दोन फुटांवर आणली, वरचा भाग सपाट आणि कडा गोल करून घेतल्या. जड कोंबडी उंचावरून रोज पहाटे फरशीवर उडी मारत असेल, तर तळवा किती दिवस सोसणार? आणि तिसरी गोष्ट, जी घरात सगळ्यात अवघड गेली, ती म्हणजे वजन. चिंगी तीन किलोच्या वर गेली होती. शेजारच्या नातवंडांनी पोळी, भात आणि फरसाण घालून तिला वाढवलं होतं. मुलांना ओरडून उपयोग नसतो. त्यांना मूठभर पालक दिला आणि सांगितलं की आता हा खाऊ. खाद्यात अ जीवनसत्त्व कमी पडलं तरी तळव्याची कातडी कमजोर होते, त्यामुळे पालकाचं काम दुहेरी झालं.

पिल्लांचं दुखणं वेगळं. चौकात, जत्रेत रंगवलेली पिल्लं विकतात, गुलाबी, हिरवी. अंड्यांच्या जातीतले ते नर असतात. त्यांना अंडी द्यायची नसतात आणि मांसही फारसं धरत नाही, म्हणून ते खोकाभर स्वस्तात मिळतात. मूल हट्ट करतं, पिल्लू घरी येतं, बुटांच्या खोक्यात वर्तमानपत्र अंथरलं जातं. अहो, पिल्लाखाली वर्तमानपत्र म्हणजे तुम्हाआम्हाला तेल सांडलेल्या लादीवर उभं करण्यासारखं आहे! पाय दोन बाजूंना फाकतात आणि तीन-चार दिवसांत फेंगडे होऊन बसतात. उपाय सोपा आहे, फक्त वेळेत करायला हवा. मायक्रोपोर टेपची पट्टी घेऊन दोन्ही नडग्यांना सैल बेडी घालायची, मधे साधारण इंचभर अंतर ठेवायचं, आणि खाली गोणपाट किंवा खरखरीत टॉवेल टाकायचा. पहिल्या आठवड्यात केलं तर चार-पाच दिवसांत पिल्लू सरळ उभं राहतं. तीन आठवड्यांनी केलंत तर फारसं काही हाती लागत नाही.

पिल्लाची बोटं आतल्या बाजूला मुठीसारखी वळली असतील, तर ती बी-टू जीवनसत्त्वाची, म्हणजे रायबोफ्लेविनची कमतरता असू शकते. बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून द्या. आणि एखादं बोट नुसतंच वाकडं असेल तर चप्पल करा. थट्टा नाही. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पायाच्या आकाराची चप्पल कापायची, बोटं सरळ पसरून टेपने त्यावर बसवायची. पत्रिका घरात भरपूर असतात आणि त्यांचा दुसरा उपयोग मला तरी माहीत नाही.

पायावरचे खवले वर उचललेले, चुनखडीसारखे पांढरे दिसत असतील तर ते खरजेचे किडे. व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल रोज चोपडा, खवले खरवडू नका, आणि सगळ्याच कोंबड्यांना लावा. रॉकेल लावायची गावाकडची पद्धत कृपा करून सोडून द्या.

संक्रांतीनंतरच्या पंधरवड्यात मात्र एक गोष्ट आधी बघायची, मांजा. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तरी जानेवारीत गच्चीवर त्याची गुंतवळ पडलेली असते. धागा बोटाभोवती फिरतो, कोंबडी ओढते, फास बसतो. दोन दिवसांत बोट जांभळं होतं आणि सुजेच्या आत धागा दिसेनासा होतो. भिंग घ्या, भरतकामाची कात्री घ्या. बायकांच्या केसांचंही असंच होतं, हे मी घरी बोलून दाखवलं होतं. परत बोललो नाही.

आता औषधांचं. घरातला दुखऱ्या गुडघ्याचा मलम कोंबडीच्या पायाला चोळू नका. त्यात बहुधा डायक्लोफेनॅक असतं आणि कोंबडी चोचीने पाय साफ करते, म्हणजे औषध पोटात जातं. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि आपल्या देशातल्या तीन जातींची गिधाडं ९५ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कोंबडी म्हणजे गिधाड नव्हे, पण जास्त मात्रेत तिच्याही मूत्रपिंडाला ते सोसत नाही. गिधाडांना सुरक्षित ठरलेलं मेलॉक्सिकॅम पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे असतं. त्याचा डोस ते वजन करून ठरवतील, आणि तितके दिवस अंडी खायची की नाही तेही त्यांनाच विचारा. हळद-चुन्याचा लेपही नको. मुरगळलेल्या पायावर आपल्याला तो बरा वाटतो, पण चुना कातडी भाजतो आणि तोही तिच्या चोचीत जातो.

डॉक्टर मिळणं सोपं नाही, हे मान्य. एका दवाखान्यात एका बाईंना सांगण्यात आलं, “कोंबडीच ना? रविवार साजरा करा.” मला राग आला, पण नोकरीत असताना मीही वेगळ्या शब्दांत हेच सांगायचो. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय पुण्याहून दीड तासाच्या आत आहे, तिथे दाखवता येतं. पाय लोंबत असेल, हाड बाहेर आलं असेल, तर घरी खपच्या बांधत बसू नका. खोक्यात टॉवेल घालून तिला बसवा आणि निघा. पक्ष्यांची हाडं तीन-चार आठवड्यांत जुळतात, पण वाकडी जुळली तर वाकडीच राहतात.

अंडी देणारी कोंबडी अचानक बसली आणि उठेना, तर पाय पाहण्याआधी अंड्यांचा हिशेब करा. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. ते खाद्यातून आलं नाही तर पायांच्या हाडांतून येतं. गावरान कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते, पोल्ट्रीतली तीनशे. पोल्ट्रीतून ‘बाद’ झालेली कोंबडी कुणी दयेने घरी आणतात, ती ही उधारी घेऊनच येते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, तिला हवा तेवढा ती खाईल. तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, खाद्य देऊ नका. जास्तीचं कॅल्शियम त्यांची मूत्रपिंडं बिघडवतं. आणि कोंबडी पेंग्विनसारखी उभी राहून चालत असेल, तर अंडं अडकलं असण्याची शक्यता आहे. तिथे उद्या म्हणायचं नाही.

एक वाईट बातमी सांगायची राहिली. दोन-पाच महिन्यांची कोंबडी, एक पाय पुढे ताणलेला, एक मागे, डोळे टवटवीत, भूक चांगली, आणि उभं राहता येत नाही. हा मॅरेक्स रोग. योझेफ मारेक या हंगेरियन पशुवैद्याने १९०७ साली याचं वर्णन केलं. विषाणू नसांवर बसतो, पिसांच्या कोंड्यातून पसरतो, खुराड्यात महिनोन्‌महिने टिकतो. उपचार नाही. लस पिल्लू जन्मतं त्या दिवशी द्यायची असते, म्हणून पिल्लं घेताना हॅचरीला तेवढं एकच विचारा. मानमोडीत, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगातही, पाय लुळे पडतात, पण तिथे मान पिळते आणि खुराड्यातल्या बाकीच्याही पटापट आजारी पडतात. अशा वेळी, किंवा दोन-तीन एकदम मेल्या तर, पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. औंधला रोग निदानाची प्रयोगशाळा आहे. मॅरेक्सची कोंबडी खात असते म्हणून माणसं आशा सोडत नाहीत. माझी एक होती. तिला मंडईतल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये झोळी करून टांगली होती, जुन्या पिशवीला पायांसाठी दोन भोकं पाडून. समोर पाण्याची वाटी, बाजूला जाळीपलीकडे चिंगी, कारण एकटी ठेवली तर कोंबडी खाणं टाकते आणि कळपात परतली की बाकीच्या टोचतात. झोळी मुरगळलेल्या, पट्टी बांधलेल्या पायांसाठी फार चांगली, दिवसातून तीनदा अर्धा-अर्धा तास. तिच्यासाठी ती पुरली नाही. अकराव्या दिवशी मी स्वतः इंजेक्शन दिलं.

आता प्रात्यक्षिक. चिंगीला टोपलीत घालून आणलंय. घरी हे रात्री करा, खुराड्यात झोपेला आल्यावर, तेव्हा ती झटापट करत नाही. टॉवेल पंखांवरून गुंडाळायचा, पण छाती दाबायची नाही. आपल्यासारखा श्वासपटल तिला नसतो, छातीचं हाड खालीवर होतं तेव्हाच श्वास जातो. घट्ट मिठी मारलीत तर ती गुदमरेल. असं काखेत धरा, डोकं मागे, पाय पुढे. तळवा वर करा. हा डाग दिसतोय ना, फिकट, ज्वारीच्या दाण्याएवढा? तिथे खपली होती. मागच्या रांगेतल्यांनी पुढे या, पण एकेक जण. आणि आजी, तुम्ही आधी या, पाय धरायला कुणीतरी हवंय.