नटाला रात्रभर वेळ द्या

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस सरला की आमच्या किनाऱ्यावरच्या गॅरेजात एकाच जातीची कामं येऊ लागतात. पॉवर टिलर, पाण्याचे पंप, मोटारसायकली. चार महिने भिजलेल्या आणि खारं वारं खाल्लेल्या. मूळ बिघाड लहानसाच असतो, पण तिथवर पोचायला जो नट सोडवायचा, तो जागचा हलत नाही. मालक सांगतो, "मिस्त्री, मघाशी अर्धा डबा स्प्रे मारला, तरी निघेना." मी विचारतो, मघाशी म्हणजे कधी? उत्तर येतं, दहा मिनिटं झाली असतील.

आज मला बोलायचंय ते या दहा मिनिटांबद्दल आणि त्या डब्याबद्दल.

लोखंड गंजतं तेव्हा होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये फट असते केसाएवढी. गंज फुगतो आणि त्या फटीत गच्च ठासून बसतो. म्हणजे नटाला आतून पाचर मारल्यासारखं होतं. आता या फटीत तेल शिरायला हवं. जाड इंजिन ऑइल तिथे लवकर शिरत नाही, ते वरच बसून राहतं. पेनिट्रेटिंग ऑइल मुद्दाम पातळ केलेलं असतं. पाण्याचा थेंब जसा गोल होऊन बसतो तसं ते बसत नाही, पसरतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं फटीत ओढलं जातं. पण फट गंजाने भरलेली असल्यामुळे हा प्रवास फार हळू होतो. म्हणून संध्याकाळी गॅरेज बंद करताना तेल मारायचं, सकाळी पुन्हा मारायचं आणि मगच पाना लावायचा. मारण्याआधी वायर ब्रशने वरचा चिखल आणि गंजाचे पापुद्रे काढायला विसरू नका, नाहीतर तेल मातीच पिऊन टाकते. मग हातोडीने नटाच्या बाजूंवर हलके ठोके द्या. ठोक्यांनी गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते.

सोडवताना आधी किंचित आवळा. चमत्कारिक वाटेल, पण गंजाची पकड कित्येकदा अशीच सुटते. हलला की अर्धा फेरा उलट, पाव फेरा सुलट, पुन्हा तेल. आणि पाना रिंगचा किंवा गोटीचा घ्या. फिक्स पाना दोनच कडा धरतो. त्याने नटाचे कोपरे एकदा गोल झाले की काम दुप्पट वाढलं म्हणून समजा.

मी शिकाऊ असताना एका मोटारसायकलीच्या सायलेन्सरचा नट असाच अडला होता. मला घाई होती. तेल मारलं, लगेच पान्याला पाइप लावला आणि जोर दिला. नट फिरला म्हणून आनंद झाला, पण फिरला होता तो स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो इंजिनात रोवलेला आट्यांचा दांडा, आणि तो इंजिनच्या हेडच्या तोंडाशी तुटला. ड्रिलने काढायला गेलो तर ड्रिल पोलादी स्टडवरून घसरून बाजूच्या मऊ अॅल्युमिनियमात शिरलं. हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावं लागलं आणि एका नटापायी गाडी तीन दिवस उभी राहिली. तो गाडीवाला रोज तिच्यावरून मासे विकायला जाई. त्याचे ते तीन दिवस मी अजून विसरलेलो नाही.

पोलादी स्टड अॅल्युमिनियममध्ये असेल तर उष्णता फार कामाची. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक सैल होतं. पण क्रम पाळा. आधी तापवायचं, हात लावण्याइतकं निवू द्यायचं, मग तेल. स्प्रे मारलेल्या जागेवर ज्योत धरायची नाही. तेल पेटतं, आणि पुष्कळ डब्यांत दाबासाठी भरलेला वायू म्हणजे एलपीजीच असतो.

आता सर्वांच्या घरी असणाऱ्या निळ्या-पिवळ्या डब्याविषयी. डब्ल्यूडी-४० हा अमेरिकेत सॅन दिएगोला १९५३ मध्ये तयार झाला. नावातल्या दोन अक्षरांचा अर्थ पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. अॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये, हे त्याचं पहिलं मोठं काम. पावसात प्लगच्या टोपीत पाणी गेलं, गाडी सुरू होईना, तर याच्याइतकं चटकन कामाला येणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. हलका गंजही सोडवतो. पण फार जुना, जाम नट असेल तर खास पेनिट्रेटिंग ऑइलच घ्या. आणि चेनला वंगण म्हणून तो मारू नका. चेन रॉकेलने धुवा, पुसा, गिअर ऑइल लावा. ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोल आणि वायर ब्रश तिच्यापासून लांब ठेवा, रबराच्या कड्या खराब होतात.

सफाईचे स्प्रे ही वेगळी जात. ब्रेक क्लीनर तेलाचा अंशही मागे न ठेवता उडून जातो. म्हणून ब्रेकला तोच हवा. रॉकेल किंवा डिझेल नको, त्यांचा ओशट थर राहतो आणि ब्रेक लागत नाही. कार्ब्युरेटर क्लीनर त्याहून तिखट. रबरी डायफ्रॅम आणि ओ-रिंगा आधी काढून ठेवा. आणि डोळ्यांवर चष्मा चढवा. एका भोकात फवारा मारला की तो भलत्याच भोकातून थेट तोंडावर येतो.

इथे एक गोष्ट मला अगदी कळकळीने सांगायची आहे. काही ब्रेक क्लीनर पेट घेत नाहीत. लोकांना वाटतं, हे बरं, सुरक्षित आहे. अशा डब्यांत बहुधा क्लोरीनयुक्त द्रव असतो. डब्यावर टेट्राक्लोरोएथिलीन, पर्क्लोरोएथिलीन किंवा मिथिलीन क्लोराइड असं लिहिलेलं आढळेल. त्याने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर त्यातून फॉस्जीन वायू निर्माण होऊ शकतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात १९१५ पासून माणसं मारायला वापरला गेला. कुजक्या गवतासारखा वास येतो, कधी कळतही नाही. माणूस घरी जातो, जेवतो, आणि काही तासांनी छातीत पाणी भरून श्वास कोंडू लागतो. तेव्हा वेल्डरकडे द्यायचा भाग असल्या क्लीनरने धुऊच नका. साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. आणि आधी कोणी काय मारलंय हे माहीत नसेल तर वेल्डरने विचारल्याशिवाय काम सुरू करू नये. नुसत्या फवारणीलाही दारं उघडी हवीत.

डबा मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहू देऊ नका. ५० अंशांच्या वर तो ठेवू नये असं त्याच्यावरच छापलेलं असतं.

आणखी एक. क्लीनरने धुतलेलं लोखंड उघडं पडतं. आमच्या हवेत ते रात्रीत लालसर होतं. म्हणून धुतल्या धुतल्या पुसून तेलाचा हात फिरवा, फक्त ब्रेकचे भाग सोडून. जोडताना सायलेन्सरच्या स्टडला कॉपर ग्रीस, म्हणजे तांब्याची पूड घातलेलं ग्रीस लावा. चाकाच्या नटांना मात्र कंपनीने सांगितल्याशिवाय लावू नका. वंगण लागलं की तेवढ्याच जोरात ते जास्त आवळले जातात.

त्या मासेवाल्याच्या मोटारसायकलीचे नवे स्टड बसवताना माझ्या वस्तादांनी माझ्याच हातून कॉपर ग्रीस लावून घेतलं. दोन पावसाळ्यांनी ती गाडी पुन्हा आली. दोन्ही नट बारा मिनिटांत, साध्या रिंग पान्याने सुटले.

नमस्कार.