तंगूस: ताण, गाठ आणि ऊन
(सांगलीत गळ टाकणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बाजारात विणलेली दोरी आली, फ्लोरोकार्बन नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचा धागा आला, तरी कृष्णाकाठच्या रिळांवर तंगूस टिकून आहे. स्वस्त आहे हे खरंच, पण तेवढंच कारण नाही. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकच अखंड धागा, आणि तो ताणतो. तुटण्याआधी लांबीच्या पाव हिश्श्यापर्यंतही तो लांबू शकतो. त्याचे बरेचसे गुणदोष या ताणातच आहेत.

रोहू, कटला, मृगळ यांची तोंडं मांसल. काठाशी आलेला कटला ऐनवेळी मुसंडी मारतो, तेव्हा विणलेल्या दोरीवर गळ ओठ फाडून निसटतो. तंगूस तो हिसका पचवतो. मरळीचं उलट आहे. तिचा जबडा हाडाचा, आणि चाळीस मीटरवरून काठी झटकली की बराचसा झटका तंगूसच खातो, गळ रुततच नाही. मरळीला विणलेली दोरीच बरी. शिवड्याच्या दातांपुढे दोन्ही सारख्याच निकामी. तिथं गळाच्या वर वीतभर पोलादी तार हवी.

जाडी ०.३० मिलिमीटर घेतली तर साधारण सहा किलोची ताकद धरा. पाकिटावर याहून फार मोठा आकडा छापलेला असेल, तर विश्वास ठेवू नका. शिवाय नायलॉन पाणी पितं. भिजल्यावर ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. म्हणून रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसली की रीळ दोरी सोडू लागतं ते, दीड ते दोन किलोवर लावा, तोही अंदाजाने नव्हे. दोरीचं टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधून ओढा आणि रीळ कधी सुटतं ते बघा.

तंगूस मधोमध क्वचित तुटतो, तो गाठीत तुटतो. टोक गळाच्या नेढ्यातून ओवा, मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्या, नेढ्यालगतच्या फासातून टोक परत काढा, मग थुंकी लावून सावकाश आवळा. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथंच कमजोर होतं. वेढे एकावर एक चढले, तर कापून पुन्हा बांधा. टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून छाटा.

दुसरा शत्रू खडक. कोयनेच्या जलाशयात बुडालेल्या काळ्या दगडांवर दोरी घासते. दर माशानंतर शेवटचे दोन मीटर नखांच्या चिमटीतून ओढून बघा. खरखर लागली की तेवढा तुकडा काढून टाका.

तिसरं ऊन. चैत्र-वैशाखात गाडीच्या काचेमागे ठेवलेलं रीळ म्हणजे तंगुसाचा खूनच. दोरी पांढरट, ठिसूळ होते. नेहमी गळ टाकणाऱ्याने ती वर्षातून एकदा तरी बदलावी. भरताना ओल्या फडक्यातून ताणून भरा आणि काठाखाली दोन मिलिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरली की वेटोळी एकदम सुटून गुंता होतो.

काढलेली दोरी नदीत टाकू नका. ती कुजत नाही. बाभळीला अडकते आणि तिच्यात पाणकावळ्याचे पाय गुंततात. घरी न्या, वीतभर तुकडे करा आणि डबीत बंद करून कचऱ्यात टाका. जाळायची नाही, धूर विषारी असतो. आणि अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरू नका. भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. हाताला कापड गुंडाळा, दोरी सरळ रेषेत मागे ओढा आणि तुटली तर तुटू द्या.