एकच कंगवा

आश्रमशाळेच्या ओसरीवर मुली एकीमागे एक बसल्यात. पुढचीची वेणी मागची घालते. कंगवा एकच, तो रांगभर फिरतो. तिसरीने मात्र डोक्याला रुमाल बांधलाय आणि तो सोडायला ती तयार नाही.

बाई समजूत घालून सोडतात. कानामागे रुपयाएवढा चट्टा, त्यावर राखेसारखा कोंडा. जवळून पाहा, काळे ठिपके दिसतील. ते केसच आहेत, बुरशीने आतून पोखरलेले, कातडीलगत तुटलेले.

घरचे म्हणाले, चाई आहे. पण चाईचं टक्कल गुळगुळीत असतं, त्यावर कोंडा नसतो. हा डोक्यातला नायटा. डॉक्टर त्याला टिनिया कॅपिटिस म्हणतात. तो मुख्यतः लहान मुलांना होतो आणि कंगवा, टोपी, टॉवेल, उशी यांतून पसरतो.

शहरात तरी वेगळं काय? दहा बाय दहाची खोली, चार भावंडं, एक टॉवेल. शिवाय सलूनचं मशीन, साफ न करता या डोक्यावरून त्या डोक्यावर.

मग मेडिकलमधून ट्यूब येते, आणि इथेच महिने वाया जातात. बुरशी केसाच्या आत, मुळापर्यंत गेलेली असते. मलम तिथवर पोचत नाही. ट्यूबमध्ये स्टेरॉइड असेल तर खाज थांबते, घरच्यांना हायसं वाटतं, आणि आत बुरशी माजत राहते. कधी पू भरलेली, दुखरी गाठ येते. तिच्याकडे दुर्लक्ष झालं, तर वण राहून तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

पोटात गोळ्याच घ्याव्या लागतात. ग्रिसिओफुल्विन बहुधा 6 ते 8 आठवडे, तेही दुधाबरोबर किंवा तेलातुपाच्या जेवणाबरोबर, म्हणजे अंगी लागतं. डोस डॉक्टर वजन पाहून ठरवतात. भावंडांची डोकीही तपासायची. मुलीचं डोकं भादरू नका हो, त्याची गरज नसते. औषध सुरू झालं की शाळाही बुडवायची नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक शाळेत येऊन मुलं तपासतं, त्यात त्वचेचे आजारही येतात. त्या दिवशी रुमालाआडचं डोकं पुढे आणायचं काम बाईंचं.

चौथा आठवडा. ओसरीवर आता प्रत्येकीचा वेगळा कंगवा, त्यावर नेलपॉलिशने लिहिलेलं नाव. कानामागच्या चट्ट्यावर बारीक लव आलीय. रुमाल अजून सुटलेला नाही. गोळ्याही चालूच आहेत.