आजींचा नंबर कधी लागणार?

नमस्कार मंडळी, ठाणे, नवी मुंबई, सगळे ऐकताय ना? आज दत्तक मुलांबद्दल बोलूया. आकडे पटकन उरकते. २०१० च्या सुमारास वर्षाला देशातल्या देशात ५,६९३ मुलं दत्तक गेली, २०१५-१६ ला ३,०११ वर घसरली, आणि २०२४-२५ ला ४,१५५. परदेशी गेलेली धरून ४,५१५, म्हणजे बाहेर जाणारी साडेतीनशेच्या आसपास. चीनने तर २०२४ ला परदेशी दत्तक जवळजवळ बंदच केलं. आपल्याकडे वाट बघणारे आईबाप हजारोंनी आणि दत्तक द्यायला कायद्याने मोकळी झालेली मुलं थोडी, म्हणून लहान बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं. परत सांगते, तीन-साडेतीन वर्षं!

आता आमच्या वर्तकनगरच्या वहिनींचं ऐका. बाळ दत्तक घ्यायला त्यांनी नाव नोंदवलेलं. होम स्टडीला, म्हणजे घर बघून चौकशी करायला, सोशल वर्कर ताई घरी आल्या, सासूबाईंनी सकाळपासून कांदेपोहे, नारळाच्या वड्या, सगळा थाट. (पोह्यांत शेंगदाणे घालणाऱ्यांशी माझं पटत नाही, ते असो.) ताईंनी विचारलं, आजी, तुमची हरकत नाही ना? तर आजी म्हणाल्या, "हरकत कसली, पण माझं वय अठ्ठ्याहत्तर, माझ्यासाठी नंबर जरा पुढे घ्या की!" ताई हसून म्हणाल्या, आजी, नंबर कॉम्प्युटर लावतो, माझ्या हातात काही नाही.

पुढे काही वर्षांनी नंबर लागल्याचा मेसेज आला तेव्हा वहिनी ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये, ऐरोलीच्या पुढे रेंज गेलेली. बाळ रिझर्व्ह करायला फक्त अठ्ठेचाळीस तास असतात, घणसोलीला रेंज आल्यावर गर्दीतच त्यांनी फोटो आणि मेडिकल रिपोर्ट घरी फॉरवर्ड केला. आजींनी चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला, मग रिपोर्ट मुलाकडून वाचून घेतला, आणि वहिनी घरी पोचेपर्यंत गॅसवर नाचणी भाजायला घेतलेली. "पोरीचं हिमोग्लोबिन कमी आहे, सत्त्व करून ठेवते." अजून हो म्हणून क्लिकसुद्धा झालेलं नव्हतं!

बारसं घरातच झालं, डीजे नाही, देवाची कृपा.

आणि हो, नोंदणी कारा, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पोर्टलवरच करायची बरं का. हॉस्पिटलमधून, ओळखीतून बाळ मिळवून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा, पैसे तर अजिबात देऊ नका. परत सांगते, नोंदणी पोर्टलवर, एजंट नाही. चला, गाणं लावते.